केळशीची सहल आणि सोबत जाणारे पालक

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळांना सहलीचे वेध लागतात. दप्तरातून एक चुरगळलेला कागद घरी येतो. त्यावर ठिकाण, तारीख, वर्गणी आणि खाली पालकांच्या सहीची रिकामी ओळ असते. पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी या कागदात अनेकदा आणखी एक वाक्य असते: "सहलीस सोबत येण्याची इच्छा असलेल्या पालकांनी वर्गशिक्षिकांना भेटावे." सही करणे सोपे असते. या वाक्याचे काय करायचे, हे मात्र अनेक घरांत दोन-दोन दिवस ठरत नाही. आईला जायचे असते. मुलाला ती यावीशीही वाटते आणि येऊ नये असेही वाटते. वडिलांना रजा मिळत नाही. आजीचे म्हणणे असते, की समुद्र आहे तर पाठवूच नका.

आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नसते. सहलीचे ठिकाण रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशीसारखे असेल, तर तेथे समुद्र, खाडी, वाळूचा उंच ढीग आणि तळे ही चारही गावाच्या हद्दीतच भेटतात. म्हणूनच लहान मुलांच्या सहलीला केळशी उत्तम, आणि म्हणूनच तेथे मोठ्या माणसांची कसोटीही लागते.

केळशी हे भारजा नदीच्या मुखाशी वसलेले जुने गाव. दापोलीपासून ते सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या चिऱ्याचे गडगे, दोन वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या, सुरूचे बन आणि त्यापलीकडे लांबच लांब पुळण, असे त्याचे रूप आहे. ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या या पट्ट्यातील बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा उभी राहून धरू लागायला काही वर्षे जातात. सहलीच्या मुलांना हे आवर्जून दाखवावे. झाड पडले म्हणजे उत्पन्न किती वर्षांसाठी पडते, हे पुस्तकापेक्षा वाडीत उभे राहून लवकर कळते.

सहलीचा पल्ला किती असावा

पहिली गोष्ट अंतराची. मुंबई-पुण्याच्या शाळांनी पहिली-दुसरीच्या मुलांना एका दिवसात केळशी दाखवून परत आणण्याचा विचार करू नये. जाण्याचेच पाच-सहा तास, त्यातही घाट. मुले पोहोचतील तेव्हा अर्धी झोपलेली आणि अर्धी ओकारीने गळालेली असतील. केळशीची एकदिवसीय सहल दापोली, मंडणगड, खेड येथील शाळांना परवडते. शहरातील कुटुंबांनी दापोली परिसरात मुक्काम करून मुलांना स्वतंत्रपणे न्यावे. या लेखातील बहुतेक माहिती त्यांनाही उपयोगी पडेल.

घाटवळणांचा त्रास होणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना गाडीच्या पुढच्या भागात, खिडकीजवळ बसवावे. निघताना पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. दूध टाळून पोहे किंवा पोळी द्यावी. गाडी लागू नये म्हणून द्यायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आपल्याच मुलाला द्याव्यात. सोबत आलेल्या पालकाने सद्भावनेने दुसऱ्याच्या मुलाला गोळी देणे हा सहलींमध्ये नेहमी घडणारा आणि नेहमी चुकीचा प्रकार आहे. कागदी पिशव्या, ओले फडके आणि कपड्यांचा एक जादा जोड ही सोबतच्या पालकाची खरी शस्त्रे होत.

महाराष्ट्रात शालेय सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळ सवलतीच्या दराने गाड्या देते. खासगी गाडी थोडी आरामशीर असते हे खरे. परंतु चालकाचा अनुभव, गाडीची कागदपत्रे आणि आसनांपेक्षा जास्त मुले बसवण्याचा मोह या तिन्ही बाबतींत एसटी अधिक निर्धोक ठरते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अन्वये ज्या शाळांना व्यवस्थापन समिती असते, त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सहलीचे ठिकाण, वाहन आणि सोबतची माणसे या गोष्टी तेथे ठरायला हव्यात. निघण्याच्या दिवशी फाटकाशी उभे राहून त्यांवर चर्चा करणे व्यर्थ आहे.

नियम कोठून आले

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ती मुले लहान नव्हती. या घटनेनंतर राज्याच्या शिक्षण खात्याने सहलींचे नियम कडक केले. समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशा जोखमीच्या ठिकाणी सहली नेऊ नयेत, पूर्वपरवानगी घ्यावी, पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यावे, असा त्या सूचनांचा रोख आहे. गुजरातेत वडोदरा येथील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत मुले क्षमतेपेक्षा जास्त होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, हे नंतर उघड झाले.

या नियमांच्या उजेडात केळशीची सहल म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. गाव किनाऱ्यावर आहे. समुद्र वगळून केळशी दाखवता येत नाही. ज्या मुलांचे घरच पुळणीपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांना शाळेने समुद्रापासून दूर ठेवणे हास्यास्पद ठरेल. परंतु दापोली शहरातून किंवा खेडहून आलेल्या मुलांसाठी नियमाचा अर्थ सरळ घ्यावा: सहल गावाची, देवळाची, वाळूच्या टेकडीची आणि वाड्यांची असावी, समुद्र सुरूच्या बनातून, कोरड्या वाळूवर उभे राहून पाहावा, पाण्यात पाय घालण्याचा कार्यक्रम नसावा. शाळेने अर्ज करताना हे स्पष्ट लिहावे आणि परवानगी त्याच कार्यक्रमाला घ्यावी. "फक्त पाच मिनिटे पाय भिजवू" ही मागणी मुलांकडून जितक्या वेळा येते, तितक्याच वेळा ती सोबतच्या पालकांकडून येते, असा शिक्षकांचा अनुभव आहे. नाही म्हणणे शिक्षिकेला जड जाते, कारण समोर उभी असलेली व्यक्ती विद्यार्थी नसून पालक असते.

संमतीपत्रावर सही केली म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, असा समज दोन्ही बाजूंना आढळतो. तो खरा नाही. २८ मे १९९५ रोजी पंजाबात बियास नदीकाठी सहलीला नेलेल्या चौथी ते सहावीच्या १४ मुलांचा बुडून मृत्यू झाला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. सोबत असलेल्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी संस्थेवरही येते, हे तत्त्व त्यात अधोरेखित झाले. इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बे येथे होडीसहलीत चार शाळकरी मुले दगावल्यानंतर १९९५ मध्ये साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदाच करण्यात आला. बहुतेक देशांत सहलीचे नियम अशा दुर्घटनांनंतरच लिहिले गेले आहेत.

भरती, ओहोटी आणि खाडीचे तोंड

केळशीला जाणाऱ्या पालकाला एक हिशेब यायला हवा. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि रोज तिची वेळ पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळी आणि खारवी समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा, की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि नेमकी वेळ छापील किंवा संगणकावरील भरतीच्या कोष्टकात मिळते. पण भिंतीवरची दिनदर्शिका पाहून सहलीची तारीख ठरवण्यास हा ठोकताळा पुरेसा आहे.

तारीख ठरवताना काय पाहायचे? एकादशीच्या दिवशी सकाळी सव्वाआठपासून दुपारी अडीचपर्यंत, म्हणजे सहलीचा जवळजवळ सगळा वेळ, पाणी उतरत असते. पुळण रुंद होते, शिंपले उघडे पडतात, मुलांना आनंद होतो. पण खाडीच्या मुखाशी तेव्हाच पाण्याची ओढ समुद्राकडे असते. वरवर संथ दिसणारे गुडघाभर पाणी लहान मुलाचे पाय सोडवू शकते. नदी गाळ आणते, लाटा तो हलवतात, त्यामुळे मागील वर्षी जेथे घोटाभर पाणी होते तेथे यंदा डोह असू शकतो. याउलट चतुर्थी-पंचमीला सकाळी दहानंतर पाणी चढू लागते आणि ओहोटीत उघडी पडलेली वाळूची बेटे मागून वेढली जातात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. लहान मुलांना नुसता किनारा दाखवायचा तर हे दिवस बरे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवशी लहान वर्ग किनाऱ्यावर नेऊच नयेत.

कोणत्याही तिथीला खाडीच्या मुखाशी मुले नेऊ नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ती पडते, कारण छायाचित्रासाठी सर्वांत सुंदर जागा नेमकी तीच असते.

पाण्यात कोणी सापडलेच, तर मोठ्या माणसांनी हात धरून साखळी करत आत जाणे हा धाडसाचा नव्हे, तर अनेक बळी घेणारा प्रकार आहे. दोरी, रिकामा बंद कॅन, फांदी, ओढणी असे काहीतरी फेकावे आणि गावकऱ्यांना हाक मारावी. त्यांना पाणी माहीत असते. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून पोटातील पाणी काढण्याची जुनी पद्धत घातक आहे. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. उपजिल्हा रुग्णालय दापोलीला आहे, म्हणजे घाटवळणाच्या रस्त्याने एक तासाहून अधिक. हे अंतर लक्षात ठेवले की "पाच मिनिटे पाय भिजवू" या मागणीचे उत्तर आपोआप सुचते.

वाळूची टेकडी

केळशीत पाहण्यासारखी सर्वांत अनोखी गोष्ट म्हणजे खाडीकाठची वाळूची उंच टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी १९९० च्या दशकापासून तिचा अभ्यास केला. वाळूच्या थरांत खापरे, हाडे, शंख-शिंपले आणि बहमनी काळातील नाणी आढळली. वाऱ्याने साचलेल्या साध्या टेकडीत अशा वस्तू येण्याचे कारण नाही. मध्ययुगात केव्हातरी समुद्राची प्रचंड लाट आत आली आणि किनाऱ्यावरची वस्ती, भांडीकुंडी, वाळू एकत्र लोटून गेली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. इतिहासातही त्याला जुळणारी एक नोंद आहे. १५२४ च्या सप्टेंबरमध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना वारा नसतानाही समुद्र अचानक खवळल्याचे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. घाबरलेल्या खलाशांना गामाने, समुद्रच आपल्याला भिऊन थरथरत आहे, असे सांगून धीर दिला म्हणतात. तो समुद्राखालील भूकंप असावा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर केळशीच्या टेकडीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. सर्व भूशास्त्रज्ञांचे या निष्कर्षावर एकमत झाले आहे असे म्हणता येणार नाही. वादळी लाटा आणि वारा यांचा वाटा किती, हा वाद शिल्लक आहे. पण हा वादच मुलांना सांगण्यासारखा आहे. दगडातले आणि वाळूतले पुरावे पाहून माणसे भांडतात, हे चौथीच्या मुलाला चांगले समजते.

सागरी महामार्ग आणि खाडीवरील पूल यांच्या कामात या टेकडीचे काय होणार, हा प्रश्न अनेक वर्षे गाजला. जे उरले आहे ते जपणे आता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्याही हाती आहे. टेकडी दिसली की मुलांना घसरगुंडी खेळायची असते आणि सोबतच्या वडिलांपैकी एखाद्याला तिची माती हातात घेऊन "सापडते का बघू एखादे नाणे" असे वाटते. दोन्ही थांबवावे. उकरल्याने थर विस्कटतात आणि एकदा विस्कटलेला थर पुन्हा वाचता येत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे: कापलेल्या वाळूची उभी कड कोणतीही सूचना न देता कोसळते, आणि कोरड्या वाळूखाली दबलेले मूल काही मिनिटांत गुदमरते. पुळणीवर खेळतानाही मुलांना स्वतःच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू देऊ नये.

जांभ्याचे गडगे आणि पालापाचोळा हा तांबड्या विंचवाचा प्रदेश आहे. लहान मुलांना त्याचा दंश प्राणघातक ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील अशाच रुग्णांवर काम करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. म्हणजे उपचार आहे, पण तो वेळेवर मिळायला हवा. मुलांच्या पायात चपलांऐवजी बूट असावेत आणि दगड उलटून पाहण्याचा खेळ होऊ देऊ नये. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र-तंत्रात किंवा फोनाफोनीत वेळ न घालवता गाडी काढावी.

देऊळ, दर्गा आणि कासवे

महालक्ष्मीचे पेशवेकालीन मंदिर हे सहलीच्या मध्यान्हीचे ठिकाण असावे. घुमटांची बांधणी, प्रशस्त आवार, सावली आणि समोरचे तळे, यांमुळे येथे मुले निवांत बसून डबा खाऊ शकतात. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत मात्र गर्दी असते. तेव्हा सहल नको. तळ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात हे लक्षात ठेवून एक पालक जेवणाच्या पूर्ण वेळ तळ्याच्या बाजूला तोंड करून बसवावा. त्याने डबा नंतर खावा. समुद्राच्या भीतीने सगळ्यांचे डोळे पुळणीकडे लागलेले असतात, आणि लहान मुलांना धोका अनेकदा अशा शांत पाण्याचा असतो.

टेकडीवरचा याकूबबाबांचा दर्गा हे केळशीचे दुसरे वैशिष्ट्य. बाबा सिंधमधून आले आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी या स्थानाला इनाम दिले, अशी परंपरा आहे. चौथीत शिवचरित्र शिकणाऱ्या वर्गाला येथे बरेच सांगता येईल. चढण लहान मुलांना झेपणारी असली तरी उन्हाची असते, तेव्हा ती सकाळी पहिल्यांदा करावी. दर्गा आणि देऊळ दोन्हीकडे मुलांना पादत्राणे एका ओळीत काढायला लावावीत, म्हणजे परतताना चाळीस जोड्यांतून आपली शोधण्यात अर्धा तास जात नाही. हा अर्धा तास सगळ्या सहलींचे वेळापत्रक बिघडवतो.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले या पट्ट्यातील किनाऱ्यांवर बाहेर पडतात. केळशीच्या उत्तरेला असलेल्या वेळास येथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसह घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. सुमारे पन्नास दिवसांनी फुटणाऱ्या अंड्यांतली पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. वेळ त्यांच्या मर्जीवर असते आणि कित्येकदा एकही पिल्लू निघत नाही. शाळेच्या एका दिवसाच्या कार्यक्रमात कासव दाखवण्याचे वचन मुलांना देऊ नये. पिल्ले दिसलीच तर दोरीमागे राहावे, हात लावू नये, प्रकाशझोत टाकू नये. हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. दोरी ओलांडणाऱ्यांत मुलांपेक्षा कॅमेरा घेतलेले पालक जास्त असतात, हे वनखात्याचे कर्मचारी हसत हसत सांगतात.

सोबत जायचे ते कशासाठी

आता मूळ प्रश्नाकडे. पालकाने सोबत जावे का? बालवाडी आणि पहिलीसाठी उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे. एक शिक्षिका आणि चाळीस मुले हे गणित वर्गात जमते. पाखाडीत, रस्त्याच्या कडेला आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जमत नाही. सहा-सात मुलांमागे एक मोठे माणूस असेल तर सहल सुखरूप होते. जपानमधील बालवाड्यांत पालकांसह काढायची सहल आणि मुलांनी एकट्याने जायची सहल असे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दोन्हींचा हेतू वेगळा मानला जातो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शाळेकडून पालक-स्वयंसेवकाची चिठ्ठी वर्षातून अनेकदा येते. तेथे स्वयंसेवकाच्या हाती ठरावीक मुलांची यादी दिली जाते आणि तिच्यापलीकडे त्याने लक्ष देऊ नये अशी अपेक्षा असते. आपल्याकडे दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते. पालक येतात ते आपल्या मुलासोबत, आणि शाळा गृहीत धरते की ते सगळ्यांसाठी आले आहेत.

ही सरमिसळ टाळण्याचा साधा उपाय म्हणजे पालकाला आपले मूल नसलेला गट देणे. सुरुवातीला घरी रुसवा होतो. पण आई जवळ असली की एरवी वर्गात स्वतःचा डबा स्वतः उघडणारे मूल तिच्या हातून घास मागते, रांग सोडते, रडते. शेजारच्या मुलाची आई आलेली नसते, ते हे पाहत असते. आपल्याच मुलाला खिडकीची जागा, आपल्याच मुलासाठी वेगळे थंड पेय, आपल्याच मुलाचे पन्नास फोटो, या गोष्टींनी सहलीचा विरस होतो. आलेल्या पालकाने इतर मुलांची छायाचित्रे काढून सर्वत्र पाठवणे हेही योग्य नव्हे. त्यांच्या आईवडिलांना विचारलेले नसते.

दुसरीनंतर मात्र मुलाला विचारावे. "तू येऊ नकोस" असे आठ वर्षांच्या मुलाने म्हटले, तर त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. याच दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. ती हिंमत आजच्या मुलांकडून कोणी मागत नाही आणि मागूही नये. पण तालुक्यातल्याच पालगडच्या साने गुरुजींनी 'श्यामची आई'मध्ये पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आईने विहिरीवर पाठवल्याची हकिगत लिहिली आहे, ती अनेक पालकांना आठवत असेल. ती आई विहिरीत उतरली नाही, की काठावर उभी राहून सूचना देत बसली नाही. ज्यांना पोहता येत होते त्यांच्या हवाली तिने मुलाला केले. आज तिने वापरलेली छडी कोणी समर्थनीय मानणार नाही. बाकीचा विचार कालबाह्य झालेला नाही. मुलाला पोहायला शिकवणे हे सहलीच्या आदल्या आठवड्याचे नव्हे, तर आधीच्या एक-दोन वर्षांचे काम आहे, आणि ते समुद्रात नव्हे तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील तलावात व्हावे.

सोबत जाणाऱ्या पालकाला शाळेने निघण्यापूर्वी अर्धा तास तरी द्यावा. गटातील मुलांची नावे, कोणाला दमा आहे, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला लघवीला वारंवार जावे लागते आणि ते सांगायला कोण लाजते, हे त्याला माहीत हवे. मुलांच्या खिशात शाळेचा आणि वर्गशिक्षिकेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. नाव मात्र शर्टावर ठळक लिहू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल त्याच्याकडे जाते. जोड्या लावाव्यात आणि जोडीदार बदलू नयेत. मोजणी नुसत्या आकड्यांनी करू नये. "चाळीस आहेत" हे बरोबर येऊनही एखादे मूल मागे राहिल्याचे प्रकार घडतात, कारण मोजणाऱ्याने दुसऱ्या सहलीतले एक मूल मोजलेले असते. हजेरीपत्रक हातात घेऊन नावे पुकारावीत: दर्ग्यावरून उतरल्यावर, देवळातून निघताना, टेकडीजवळून हलताना आणि दर वेळी गाडीचे दार लागण्यापूर्वी.

शेवटची हजेरी शाळेच्या फाटकाशी होते. तेथे अंधार पडू लागलेला असतो, रिक्षा आणि दुचाक्या उभ्या असतात, मुले झोपाळलेली आणि पालक घाईत असतात. सोबत गेलेले पालक या क्षणी आपले मूल घेऊन निघून जातात. त्यांनी थांबावे. आपल्या गटातील प्रत्येक मूल त्याच्या घरच्या माणसाच्या हाती देऊन, यादीतल्या त्याच्या नावापुढे खूण करावी आणि ती यादी शिक्षिकेकडे सोपवावी. एखाद्या मुलाला न्यायला कोणी आलेले नसते. त्याचे वडील दापोलीच्या बाजारात दुकान बंद करत असतात, अर्ध्या तासात येतील असा निरोप असतो. तोवर शिक्षिकेबरोबर आणखी एक मोठे माणूस फाटकाशी थांबलेले बरे.